शहाण्णव खिळे, एक दोरा आणि नववीची भूमिती

प्लायवूडच्या फळीवर गोलाकार खिळे ठोकायचे आणि एका खिळ्यावरून दुसऱ्यावर दोरा ताणत न्यायचा. एकूण एक दोरा सरळ, तरी काम पुरं झालं की मधोमध एक स्वच्छ गोल उमटलेला दिसतो. या कामाचे तयार संच बाजारात मिळतात. पण स्वतःच्या घरातल्या भिंतीसाठी, स्वतःच्या मापाचं काही करायचं ठरवलं की प्रश्न सुरू होतात. खिळे किती? ते सारख्या अंतरावर कसे बसवायचे? मधली मोकळी जागा केवढी राहील? रंग किती घ्यावेत? दोरा किती मीटर आणावा?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपण शाळेत शिकून विसरलो आहोत. सिद्धता आठवत नसेल तर राहू द्या. प्रमेयाचं नुसतं वाक्य आठवलं तरी काम होतं, आणि तेही असं की त्या वाक्यावरून थेट दुकानातली खरेदी ठरते. हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून एकच वस्तू घेऊन सगळा हिशेब मांडतो.

वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. ६० सेंमी चौरस फळी, तिच्यावर २५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, त्या वर्तुळावर खिळे, आणि मधोमध २० सेंमी व्यासाची तबकडी. तबकडीच्या भोवती दोऱ्यांची जाळी हवी, पण एकही दोरा तबकडीच्या खाली जाता कामा नये.

वर्तुळाचे ९६ भाग

घड्याळात १२ तास, म्हणून खिळ्यांच्या संख्येला १२ ने भाग जायला हवा. प्रत्येक तासासमोर मग एक खिळा येतो. ६० खिळ्यांची जाळी एवढ्या मोठ्या फळीवर विरळ दिसते, १२० खिळे ठोकताना बोटं अडकतात. मला ९६ आवडतात, आणि त्याचं खरं कारण असं की वर्तुळाचे ९६ भाग कोनमापक हातात न धरता करता येतात.

आधी वर्तुळ. शाळेच्या कंपासपेटीतला कंपास २५ सेंमी उघडत नाही. सुतळी आणि खिळा वापरू नये, सुतळी ताणली जाते आणि वर्तुळ लंबगोल होतं. लाकडी पट्टीच्या एका टोकाला बारीक खिळा आणि तिथून बरोबर २५ सेंमीवर पेन्सिलपुरतं भोक, एवढं साधन उत्तम.

आता त्याच पट्टीने त्रिज्येएवढं अंतर घेत परिघावर खुणा करत चला. सहाव्या खुणेला आपण अचूक सुरुवातीच्या बिंदूवर पोचतो. केंद्र आणि शेजारच्या दोन खुणा यांचा समभुज त्रिकोण होतो, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, आणि असे सहा कोन मिळून ३६०. झाले सहा भाग. पुढे फक्त कोन दुभागायचे. शेजारच्या दोन खुणांवरून सारख्या मापाचे कंस काढा, ते जिथे छेदतात तो बिंदू केंद्राशी जोडा, रेघ परिघाला जिथे कापते तिथे नवी खूण. सहाचे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचे शहाण्णव. शेवटी दोन खुणांमधला कोन उरतो पावणेचार अंश, आणि अंतर साधारण १६.४ मिमी.

एवढा खटाटोप कशाला, १६.४ मिमीचं माप धरून परिघावर ९६ पावलं चालत जाऊ, असं कुणालाही वाटेल. तसं करू नये. माप नुसतं ०.२ मिमीने चुकलं तरी ती चूक प्रत्येक पावलाला साठत जाते, आणि ९६ पावलांनंतर १९ मिमीची तफावत पडते. म्हणजे दोन खिळ्यांमधल्या एका अख्ख्या घरापेक्षा जास्त. दुभागताना मात्र प्रत्येक नवी खूण दोन जुन्या खुणांच्या मधे बांधलेली असते, तिची चूक वर्तुळभर फिरत नाही. भूमितीच्या वहीत ‘दिलेला कोन दुभागा’ हे आपण गुणांसाठी केलं. त्यातली खरी ताकद, म्हणजे चूक साठू न देणं, फळीवर काम करताना कळते.

ही वाट फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीज असाच षटकोनापासून निघाला, बाजू चारदा दुप्पट केल्या आणि ९६ बाजूंवर थांबला. एक बहुभुज वर्तुळाच्या आत, एक बाहेर. त्यावरून त्याने दाखवलं की परीघ भागिले व्यास ही किंमत ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठी आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे. यातला दुसरा आकडा म्हणजेच आपण शाळाभर वापरलेला २२/७.

मोकळी जागा किती

नववीच्या पुस्तकातलं एक वाक्य आठवा: वर्तुळाच्या एकरूप जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात. परीक्षेत ते लिहून आपण पुढे गेलो. आपल्या फळीवर मात्र सगळं चित्र या एका वाक्यातून निघतं.

खिळ्यांना ० ते ९५ असे क्रमांक द्या. दोरा दर वेळी ठरावीक घरं पुढे न्यायचा, समजा ३५. मग प्रत्येक दोरा म्हणजे सारख्याच लांबीची जीवा, म्हणून प्रत्येक दोरा केंद्रापासून सारख्याच अंतरावरून जाणार. केंद्राभोवती त्या अंतराच्या त्रिज्येचं एक वर्तुळ कल्पा. प्रत्येक दोरा त्याला एकाच बिंदूत स्पर्श करून पुढे जातो, म्हणजे प्रत्येक दोरा त्या वर्तुळाची स्पर्शिका आहे. ९६ स्पर्शिका चहूबाजूंनी आल्या की डोळा दोरे सोडून ते वर्तुळच बघतो. ते कुणी काढलेलं नसतं.

आता उलट्या बाजूने विचारू: तबकडीसाठी १० सेंमी त्रिज्या मोकळी हवी, तर किती घरं उडी मारायची? केंद्रातून दोऱ्यावर लंब टाका. हा लंब जीवेला दुभागतो, हेही नववीचंच प्रमेय. केंद्र, लंबपाद आणि खिळा यांचा काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कर्ण २५, आणि केंद्राजवळच्या कोनाची लगतची बाजू १०. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, ते ०.४. फोनमधल्या गणनयंत्राला विचारलं की कोसाइन ०.४ असलेला कोन मिळतो ६६.४ अंश. हा अर्ध्या दोऱ्याचा कोन, पूर्ण दोऱ्याचा १३२.८. त्याला ३.७५ ने भागा: ३५.४.

सव्वापस्तीस-साडेपस्तीस घरांची उडी मारता येत नाही, म्हणून ३५ घ्यायची. ३६ घेतली तर दोरे केंद्राकडे सरकतात, मोकळ्या जागेची त्रिज्या ९.६ सेंमी होते आणि तबकडी दोऱ्यांवर बसते. ३५ ला ती १०.३ सेंमी आहे. तबकडीभोवती तीन मिलिमीटरची मोकळी कड राहील हे एकही खिळा ठोकण्याआधी कळलं.

खरं तर ती मोकळी जागा गोल नाहीच. ९६ सरळ दोऱ्यांनी घेरलेला तो ९६ बाजूंचा नियमित बहुभुज आहे, म्हणजे आर्किमिडीजचा बाहेरचा बहुभुज. खिळे सरळ रेषांनी जोडले तर आतला बहुभुजही याच फळीवर मिळतो. मधल्या बहुभुजाचे कोपरे खऱ्या वर्तुळाच्या बाहेर येतात ते ०.०६ मिमीपेक्षाही कमी. दोरा त्याहून कितीतरी जाड असतो, त्यामुळे डोळ्याला कोपरा सापडणं शक्य नाही.

मसावि म्हणजे रंगांची संख्या

० वरून निघालेला दोरा ३५ वर जातो, मग ७०, मग १०५. पण १०५ नंबरचा खिळा नाही. ९६ वजा करा, ९ आला. सकाळी दहाला निघून पाच तासांनी तीन वाजतात, तीच ही बेरीज. पुढे ४४, ७९, १८, ५३, ८८, २७, ६२ आणि अकराव्या दोऱ्याला १. म्हणजे अकरा दोऱ्यांनंतर आपण सुरुवातीच्या लगतच्या खिळ्यावर आलो पाहिजे. हे ध्यानात ठेवा. मोजणीत कुठे घोटाळा झाला असेल तर अकराव्या दोऱ्याला लगेच कळतं, सगळं उसवावं लागत नाही.

मग हा दोरा सगळ्या ९६ खिळ्यांना भेट देऊनच शून्यावर परततो का, की मधेच परत येतो? उत्तर पाचवी-सहावीच्या मसाविमध्ये आहे. ९६ आणि उडीची संख्या यांचा मसावि काढा. तो १ असेल, म्हणजे दोन्ही सहमूळ संख्या असतील, तर एकच दोरा सगळीकडे फिरतो. ९६ च्या मूळ अवयवांत फक्त २ आणि ३ आहेत, ३५ मध्ये ५ आणि ७. सामाईक काही नाही, म्हणून अखंड एकच दोरा, एकच रंग.

उडी ३४ ची केली तर मसावि २. दोरा ४८ खिळे फिरून शून्यावर येतो आणि उरलेले ४८ तसेच राहतात, त्यांना दुसरा दोरा लागतो. म्हणजेच दुसरा रंग. ३३ ला मसावि ३, तीन रंग. ३२ ला मसावि ३२, प्रत्येक दोरा तीनच खिळे फिरून परततो, आणि सगळी जाळी ३२ समभुज त्रिकोणांची होते. ३६ ला मसावि १२: बारा दोरे, प्रत्येकाला आठ खिळे.

मला दोन रंग हवे असतील तर ३५ सोडून ३४ घ्यावी लागेल, आणि मोकळी जागा १०.३ वरून ११.१ सेंमीवर जाईल. रंग आणि जागा ही दोन वेगवेगळी ठिकाणं वाटतात, पण एका आकड्याने बांधलेली आहेत. अशा ठिकाणी मसावि शिकवला असता तर किती बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. वर्गात तो आपल्याला भागाकाराची एक पद्धत म्हणून भेटला, तो काय सांगतो हे कळायच्या आत धडा संपला.

दोरा किती आणायचा

वरच्याच काटकोन त्रिकोणाला पायथागोरस लावा. कर्ण २५, एक बाजू १०.३. ६२५ मधून १०६ गेले, राहिले ५१९. त्याचं वर्गमूळ सुमारे २२.८, हा अर्धा दोरा. पूर्ण दोरा ४५.६ सेंमी, असे ९६, म्हणजे जवळजवळ ४४ मीटर. खिळ्याभोवती वेढे आणि गाठी धरून क्रोशाच्या सुती दोऱ्याचा ५० मीटरचा गुंडा पुरतो.

हाच हिशेब दुसऱ्या वाटेने करून बघण्यासारखा आहे. आपल्या दोन खिळ्यांमधला कोन पावणेचार अंश. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात आर्यभटाने अर्धजीवांचं, म्हणजे आपल्या भाषेत अर्ध्या दोऱ्यांचं, जे कोष्टक दिलं, त्याचा टप्पाही नेमका पावणेचार अंशांचाच आहे. वर्तुळाच्या पावभागात २४ टप्पे, पूर्ण वर्तुळात ९६. त्याने परिघाचे ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० भाग धरले, त्या मापात त्रिज्या येते ३४३८. आणि कोष्टकात अर्धजीवा न देता एका अर्धजीवेपासून पुढच्या अर्धजीवेपर्यंतची वाढ दिली:

२२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७.

वापर सोपा आहे. पहिल्या आठ आकड्यांची बेरीज करा, १७१९ येते. आठ टप्पे म्हणजे ३० अंश, आणि १७१९ हे ३४३८ च्या बरोबर निम्मे. दहावीत पाठ केलेलं ‘साइन ३० म्हणजे एक द्वितीयांश’ ते हेच. चोविसांची बेरीज ३४३८ येते, म्हणजे पूर्ण त्रिज्या, साइन ९० म्हणजे १.

आता आपली दोन रंगांची ३४ घरांची उडी घ्या. अर्ध्या दोऱ्याचा कोन १७ टप्पे, म्हणून पहिले १७ आकडे मिळवा: ३०८४. आपली त्रिज्या २५ सेंमी, तेव्हा ३०८४ भागिले ३४३८ गुणिले २५, सुमारे २२.४३. पूर्ण दोरा ४४.८५ सेंमी. गणनयंत्र सांगतं ४४.८४. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कोष्टकातून आलेलं माप आजच्या यंत्राशी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जुळतं, आणि आपल्याला करावी लागली फक्त बेरीज आणि एक त्रैराशिक. ९६ दोरे मिळून ४३ मीटर, म्हणजे प्रत्येक रंगाचा साडेएकवीस मीटर, वेढ्यांसाठी थोडा वर. उडी सम असली की हे कोष्टक थेट लागू पडतं, कारण तिचं निम्मं पूर्ण टप्प्यांत येतं.

बेचा पाढा आणि बदाम

आतापर्यंत प्रत्येक दोऱ्याची उडी सारखी होती. ती बदलू दिली की वेगळंच काही घडतं. त्याच ९६ खिळ्यांवर बेचा पाढा म्हणा: १ वरून २ वर, २ वरून ४, ३ वरून ६. ४८ चा दोरा ९६ वर, म्हणजे ० वर जातो. ४९ चा ९८, म्हणजे २ वर. असं ९५ पर्यंत. सगळे दोरे झाले की फळीवर बदामाचा आकार उभा राहतो.

इथेही प्रत्येक दोरा त्या वक्राची स्पर्शिका आहे. स्पर्श कुठे होतो तेही ठरलेलं असतं: दोरा ज्या खिळ्यावरून निघाला त्या खिळ्याकडून एक तृतीयांश अंतरावर. बदामाची आत वळलेली टोकदार खाच केंद्रापासून ४८ नंबरच्या खिळ्याच्या दिशेला त्रिज्येच्या एक तृतीयांशावर येते, आपल्या फळीवर ८.३ सेंमीवर. पट्टी लावून मोजून बघा.

तीनचा पाढा म्हटला तर खाचा दोन होतात, २४ आणि ७२ नंबरच्या दिशेला, केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्यावर. चारच्या पाढ्याला तीन, तीन पंचमांशावर. पाढ्यापेक्षा खाच नेहमी एक कमी. तीनच्या पाढ्याचा आकार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. खिडकीतून ऊन येत असताना स्टीलच्या पेल्यातल्या चहावर जी उजळ, मधे टोक आलेली रेघ दिसते, ती याच आकाराचा भाग असते. समांतर किरण पेल्याच्या गोल भिंतीवर आपटतो, आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, म्हणून आपटण्याआधीची आणि नंतरची जीवा एकरूप होते. किरण जिथे आपटला तो कोन मोजला तर परतून तो त्याच्या तिप्पट कोनाकडे निघतो, फक्त अर्ध्या फेरीच्या फरकाने. म्हणजे प्रकाशही तीनचा पाढाच म्हणत असतो.

या पाढ्याच्या कामात दोरा तोडायची गरज नाही. १ वरून २ वर आलात की कडेकडेने ४ वर जा, तिथून २ वर उतरा, कडेने ३ वर, तिथून ६ वर. कडेचे छोटे तुकडे बाहेरच्या बाजूने नेले की जाळीत दिसत नाहीत. दोऱ्यांची सरासरी लांबी ३१.८ सेंमी येते, एकूण साधारण ३१ मीटर, कडेचे तुकडे धरून ३३.

ज्यांनी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्यावर काटकोनी दोरे ओवले असतील त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. एका बाजूवर १ सेंमी, दुसरीवर १९, मग २ आणि १८, बेरीज कायम २०. कोपऱ्यात जी कमान तयार होते ती बहुतेकांना वर्तुळाचा चतुर्थांश वाटते. ती पॅराबोला आहे. तपासायचं तर मधला, १० आणि १० जोडणारा दोरा बघा. कमान त्याला बरोबर मध्यावर शिवते आणि तो बिंदू कोपऱ्यापासून ७.१ सेंमीवर असतो. वर्तुळ असतं तर ८.३ सेंमी आलं असतं. मुलांना हा ओवणकामाचा मार्ग दाखवणारी मेरी एव्हरेस्ट बूल इंग्लंडमधली गणित शिकवणारी बाई, तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूल यांची पत्नी आणि भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. सुईदोऱ्याने पुठ्ठ्यावर काम करताना मुलाला वक्राची समज शब्दांआधी येते असं तिचं मत होतं. मला ते पटतं.

फळी, हातोडी, पक्कड हे सगळं जमवण्याआधी हात बसवायचा असेल तर जाड पुठ्ठ्याची १० सेंमी त्रिज्येची गोल चकती कापा आणि कडेला कात्रीने २४ खाचा पाडा. षटकोन दोनदा दुभागला की २४ होतात. ७ ची उडी मारली तर मधे ६.१ सेंमी त्रिज्येची जागा राहते, ११ ची मारली तर फक्त १.३. दोन्ही २४ शी सहमूळ, त्यामुळे दोरा एकच पुरतो. ९ ची मारायची असेल तर तीन रंग काढून ठेवा. क्रमांक मागच्या बाजूला लिहा आणि ते ० पासून २३ पर्यंत लिहा. १ ते २४ लिहिले की २४ वजा केल्यावर कधीकधी ० येतो, आणि त्या क्रमांकाची खाच चकतीवर सापडत नाही.